मचाणावरची पौर्णिमा आणि वहीतली एक नोंद



मागच्या महिन्यात काही लिहिलं नाही. दोघी-तिघींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी नाही का म्हणून. बरी आहे. गुडघे जसे होते तसेच आहेत. लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते लिहावं की नाही, हे ठरत नव्हतं. आता लिहूनच टाकते.

वैशाख पौर्णिमेच्या रात्री मी बोरच्या जंगलात मचाणावर बसले होते. वाचून हसाल. घरात सगळे हसलेच. ज्या बाईला गच्चीवर वाळवण घालायला चढताना कठडा धरावा लागतो, ती शिडीने झाडावर चढणार आणि रात्रभर पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजणार! पण आमची सून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिनं स्वतःचं नाव दिलं होतं आणि जोडीला येणारी मैत्रीण ऐन वेळी आजारी पडली. ती सहज म्हणाली, "आई, तुम्ही येता का?" मी हो म्हटलं. तिला वाटलं मी गंमत करते आहे. मला का जायचं होतं ते तिला तेव्हा सांगितलं नाही.

बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. आमच्या वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे बोर नदीवर धरण आहे, त्याच्या भोवतीचं हे जंगल. १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या लहान व्याघ्र प्रकल्पांतलं एक. आम्ही वर्षानुवर्षं धरणावर डबे घेऊन जात आलो, पण फाटकाच्या आत मी कधी गेले नव्हते.

पहिला प्रश्न डब्याचा. दुपारी चारच्या सुमारास मचाणावर चढवतात आणि सकाळी उतरवतात. रात्रीचं जेवण मी पंचवीस वर्षांपूर्वी सोडलंय, पाणीसुद्धा सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी संपवते. वैशाखात सूर्य पावणेसातच्या सुमारास बुडतो, म्हणजे सहाला हात धुऊन मोकळं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि कैरीचा छुंदा घेतला. सगळं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं, कारण सूनबाईंनी बजावलं होतं की प्लॅस्टिकची पिशवी रात्री अशी वाजते की अर्धं जंगल पळून जाईल. (प्रवासात दशम्या फडक्यात बांधायची आपल्या आयांची रीत किती कामाची आहे पाहा. घामही धरत नाहीत.) पाणी उकळून घेतलं. गाळलेलं पाणी दोन घटकाच चालतं, उकळलेलं चोवीस तास, म्हणून.

आता गंमत अशी की वैशाखातली ती रात्र, दिवसभर पंचेचाळीस अंशांची भट्टी, समोर पाण्याचं टाकं, सारं जंगल त्या पाण्यासाठी येणार आणि वर बसलेल्या बाईचा पाण्याचा त्याग. दहाच्या पुढे जीभ टाळूला चिकटली. सून बाटलीतून एक घोट घ्यायची आणि माझ्याकडे अपराध्यासारखं बघायची. मी तिला खुणेनं सांगितलं, पी गं बाई.

पौर्णिमाच का, तेही सांगते. वैशाखात नाले आटलेले असतात, मोजके पाणवठे उरतात, आणि चंद्र पूर्ण असल्यामुळे दिव्याशिवाय दिसतं. म्हणून बुद्ध पौर्णिमेची रात्र ठरलेली. आमच्या पुढ्यातलं टाकं बशीसारखं उथळ, सिमेंटचं, सौर पंपानं भरलेलं. कठडे मुद्दाम उतरते, म्हणजे लहान जीव आत पडला तरी चढून बाहेर येतो. हे मला फार आवडलं. आपल्या घरी पक्ष्यांसाठी ठेवतो त्या भांड्यात एक दगड ठेवावा, मधमाशी बुडत नाही.

सोबत एक तरुण वनरक्षक होते. त्यांनी एक छापील तक्ता दिला. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, कुठून आला, कुठे गेला. मी बी.कॉम. झालेली बाई. रकाने दिसले की माझा जीव जाग्यावर येतो. पेन्सिल घेऊन मी म्हटलं, लिहायचं काम माझं.

साडेसहाला मोर आले. मग चितळांचा कळप, आधी एक म्हातारी मादी पुढे आली, कान हलवत कितीतरी वेळ उभी राहिली, तिनं तोंड लावल्यावर बाकीचे आले. आपल्याकडे पंगतीत मोठ्या आजी बसल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नसे, त्याची आठवण झाली. आठनंतर रानडुकरं, चिखल तुडवत. एक रोही आला, निळसर, घोड्याएवढा. सव्वादहाला सांबर नर. अकराला सांबर नर. पाऊण वाजता सांबर नर. मी तीन नोंदी केल्या आणि थांबले. वनरक्षकांच्या कानात विचारलं, "हा एकच तर नाही?" ते म्हणाले, "काकू, तोच हाये. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं पाहा." मी दोन नोंदी खोडल्या. पण चितळांच्या माद्यांचं काय? नऊला आलेल्या पाच आणि अडीचला आलेल्या पाच, त्याच की दुसऱ्या? ते मला सांगता येईना आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी घरी सूनबाईंशी यावरच बोलणं झालं. ती म्हणाली, "आई, म्हणूनच आता या रात्रीच्या आकड्याला शास्त्रीय गणना म्हणत नाहीत. लोकांना जंगलाचा अनुभव मिळावा आणि साधारण अंदाज यावा, एवढंच." पूर्वी वाघसुद्धा पावलांच्या ठशांवरून मोजत. मग २००५ साली राजस्थानातल्या सरिस्क्याचं उघडकीला आलं. कागदावर वाघ होते आणि रानात एकही नव्हता. त्यानंतर पद्धत बदलली. २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरे लावून वाघांचे पट्टे ओळखतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे ते प्रत्येकाचे वेगळे. २०२२ च्या मोजणीत देशात सरासरी ३,६८२ वाघ आणि महाराष्ट्रात ४४४ निघाले.

पण हरणांच्या अंगावर असा ओळखता येणारा ठसा नसतो. त्यांच्यासाठी वेगळं करतात. रानात दोन किलोमीटरची सरळ रेघ आखतात. पहाटे वनरक्षक ती रेघ चालत जातात आणि कळप दिसला की किती, किती अंतरावर, कोणत्या कोनात, ते टिपतात. जवळचे सगळे दिसतात, लांबचे काही झाडाआड राहतात. जसजसं अंतर वाढतं तसतसे किती कमी दिसले, त्यावरून न दिसलेल्यांचाही हिशोब काढतात. मी म्हटलं, ही तर बुडीत कर्जाची तरतूद! दुकानदार उधारी लिहितो तेव्हा सगळी येणार नाही हे धरून चालतो, आधीच्या अनुभवावरून काही टक्के बाजूला काढतो. हे लोक उलट करतात, दिसलं त्यात न दिसलेलं मिळवतात. सून म्हणाली, "अगदी तेच." सुनेनं अगदी तेच म्हटलं की मला दिवसभर पुरतं.

आणि हे चालणं म्हणजे आपल्या मुनिमहाराजांची ईर्यासमिती वाटली मला. चार हात पुढची जमीन पाहत, हळू, कुणाला धक्का न लावता. त्यांचा हेतू वेगळा, वनरक्षकाचा वेगळा, पण पाऊल तसंच.

सून पुढे म्हणाली की पाणवठ्यावरच्या मोजणीत काही प्राणी सापडतच नाहीत. तिचं उदाहरण चिंकाऱ्याचं. चिंकारा मी पाहिलाय. नणंदेकडे बारामतीला जाताना सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं, १९९७ साली झालेलं, सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. खुरटं गवत, बाभळी, माळ. गाडी थांबवली तर विटकरी रंगाचे, शेळीएवढे, चारपाच उभे होते. नर-मादी दोघांनाही शिंगं, मादीची बारीक. भीती वाटली की शिंकल्यासारखा आवाज करतात. ह्यांचं मूळ घर कोरडा प्रदेश, राजस्थानातलं थरचं वाळवंट. तिथे जैसलमेरकडच्या डेझर्ट नॅशनल पार्कात तीन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरवर ते फिरतात. चिंकारा पाण्यावाचून खूप दिवस काढतो. पाला, फळं, पहाटेचं दंव यांतूनच त्याला ओल मिळते. मग तो पौर्णिमेला पाणवठ्यावर यायचा कशाला? आला नाही म्हणजे नाही, असं मोजणाऱ्यानं समजू नये. हे ऐकून मला उगीच बरं वाटलं. रात्रभर पाणी न पिता मी एकटीच नव्हते तर.

वाळवंटातल्या हरणांबद्दल तिनं आणखी एक सांगितलं ते मात्र मनात रुतून बसलं. सौदी अरेबियात महाझत अस-सैद नावाचं राखीव रान आहे, सुमारे २,२०० चौरस किलोमीटर, सगळं कुंपण घातलेलं. शिकाऱ्यांपासून आणि उंट-शेळ्यांपासून वाचवायचं म्हणून कुंपण. आत वाळूरंगाची हरणं आणि ऑरिक्स आणून सोडले. चांगले वाढले. मग दुष्काळ आले. मोकळ्या वाळवंटात हरणं जिथे पाऊस पडला तिथे शेकडो कोस चालत जातात. इथे ती तारेपाशी आली आणि थांबली. शेकडोंनी मेली. तिथले लोक जिवंत मोजतात तसे सांगाडेही मोजतात, म्हणून हे कळलं.

ती तारेचं बोलत होती आणि मी तूर निवडत होते. हात थांबला माझा. मग मी तिला सांगितलं. तेच आता तुम्हाला सांगते.

माझं माहेर कारंजा. वर्ध्यात कारंजा म्हटलं की लोकांना आमच्याच जिल्ह्यातलं कारंजा घाडगे वाटतं. माझं कारंजा लाड, वाशीम जिल्ह्यातलं. बलात्कार गण, सेन गण, काष्ठासंघ अशा तीन भट्टारक पीठांचं गाव. काष्ठासंघाच्या मंदिरातली लाकडावरची नक्षी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा जाऊन यावं. गावापासून जवळच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, २००० साली झालेलं, अठरा चौरस किलोमीटरचं. उघडं गवताळ रान. काळवीट दाट जंगलात राहत नाही, त्याला लांबवर दिसायला हवं आणि पळायला जागा हवी. आणि रानाला लागून शेतं. अभयारण्याची हद्द आपल्यासाठी, हरणाला ती काय माहीत? कोवळा हरभरा आणि कोवळं सोयाबीन त्याला गवतापेक्षा गोड लागणारच.

त्याच बाजूला वडिलांचं वावर आहे. वडील गेल्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं सातबाऱ्यावर चढली. भावाचं गावात कापडाचं दुकान, त्यामुळे वावर मक्त्यानं दिलेलं. मक्तेदार चांगला माणूस आहे. हिशोब मी ठेवते. भाऊ पावत्यांचे फोटो पाठवतो, मी वहीत उतरवते, ताळा लावते, दिवाळीत तिघांत वाटणी. घरात सगळ्यांना माहीत आहे की पाच रुपयांचा फरक आला तरी मी रात्री झोपत नाही.

मागच्या थंडीत एका पावतीत "तार व खुंटे" असं होतं. रक्कम लहान. काटेरी तार इतक्या कमी पैशात येत नाही, हे मला कळत होतं. सौर झटका मशीन घ्यायचं म्हणजे तर बरीच जास्त रक्कम लागते. मग ही साधी तार कशाला? मनात आलं, विचारावं. आणि मी विचारलं नाही. समोर बरोबरची खूण केली आणि पुढच्या पावतीकडे गेले. त्या आठवड्यात घरी लग्न होतं, गडबड होती, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे विचारलं असतं तर उत्तर काय येईल, ते मला ठाऊक होतं.

महिन्याभरानं पहाटे भावाचा फोन. मक्तेदारानं रात्री वरच्या लाइनवरून तारेत थेट करंट सोडला होता. काळविटाची मादी चिकटून मेली. पोटात पिल्लू होतं. भाऊ म्हणाला, "ताई, तो म्हणतो बांधालाच पुरून टाकू. काय करू?" मी म्हटलं, "पुरू देऊ नको. वनखात्याला कळव." फोन ठेवला आणि देवघरात जाऊन बसले. जाप काही झाला नाही.

पंचनामा झाला. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे गुन्हा मोठा. नाव लागलं मक्तेदाराचं, कारण आकडा त्यानं टाकला होता. आमच्यापैकी कुणाचं नाही. मी कारंज्याला गेले तेव्हा तो अंगणात येऊन बसला. म्हणाला, "बाई, दोन महिने जागल केली जी. डबडं वाजवू वाजवू हात दुखले. एका रात्री झोप लागली तं एकरभर हरभरा साफ. मले कुणाले मारायचं नव्हतं." मला ते खरं वाटतं. नुकसानभरपाई पिकाची मिळते, जागून काढलेल्या साठ रात्रींची नाही. पण तीच तार त्याच्या पोराला लागली असती तर? दर वर्षी पेपरात येतंच, अशा तारांना चिकटून जागलीला गेलेले शेतकरी जातात, शेजारच्या वावरातली बाई जाते. तेही मी त्याला म्हटलं. तो खाली बघत राहिला.

भाऊ चिडला होता. तो स्वाध्याय करणारा आहे. तो म्हणाला, "गृहस्थाला चार प्रकारच्या हिंसेतली फक्त संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य आहे. आरंभी, उद्योगी आणि विरोधी यांतून गृहस्थ सुटत नाही. शेत राखणं ही विरोधी हिंसा झाली." तुमच्यातल्या पुष्कळजणी हेच म्हणतील. मी दोन दिवस विचार केला. विरोध करायला समोर कुणीतरी असावं लागतं. आपण जागे असावं, त्यानं चाल करून यावं, आपण हाकलावं. इथे आपण घरी झोपलेलो आणि अंधारात तार जागी. ती तार रोही, कुत्रं, माणूस काही ओळखत नाही. याला विरोध म्हणायला माझी जीभ उचलत नाही. भावाला पटलं नाही. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

मला स्वतःचं वेगळंच टोचत होतं. माळेत १०८ मणी का, हे आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. ते मन, वचन, काय या तिन्हींनी. ते पुन्हा कृत, कारित, अनुमोदना असे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशे आठ. पाप यायच्या एवढ्या वाटा. मुलांना गुणाकार फार आवडतो, मलाही आवडायचा. स्वतः केलं ते कृत, दुसऱ्याकडून करवलं ते कारित, आणि दुसऱ्यानं केलं त्याला हो म्हटलं ती अनुमोदना. आकडा मक्तेदारानं टाकला. माझी ती बरोबरची खूण यांतली कोणती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून मी भावाला न विचारता वनखात्याच्या कचेरीत गेले आणि सांगितलं की तारेचा खर्च आमच्या वहीत आहे, तो मी पाहिला होता, वही दाखवते. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, ऐकून घेतलं, वहीच्या त्या पानाचा फोटो काढला. पुढे त्याचं काय होईल ते माहीत नाही. भाऊ महिनाभर बोलला नाही. आता बोलतो.

सुनेनं हे सगळं ऐकलं. तूर तशीच पसरलेली. मग ती म्हणाली, "म्हणून आलात का मचाणावर?" मी म्हटलं, "हो. तू पाणवठ्याचं सांगितलंस तेव्हा वाटलं, एकदा बसून बघावं, जिवंत असतात तेव्हा कशी असतात." लहानपणी कारंज्याला दुरून कळप पाहिले होते, पण पळताना पाहिले होते. कुणी बघत नाही असं समजून पाणी पिणारं हरीण मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं. पिताना मधेच मान वर करून ते ऐकतं, पाण्याचे थेंब तोंडावरून गळत असतात.

आपल्या शांतिनाथ भगवंतांचं लांछन हरीण. देवळात रोज पाहते ते, संगमरवरात कोरलेलं, सिंहासनाच्या खाली. त्यांचं जन्म, तप आणि मोक्ष ही तिन्ही कल्याणकं वैशाख वद्य चतुर्दशीला, म्हणजे मचाणावरच्या रात्रीनंतर दोन आठवड्यांनी. ह्या वर्षी अभिषेकाला उभी असताना माझी नजर त्या हरणावरून हलेना. नेमिनाथांची गोष्ट तर लहान मुलालाही येते. वरातीत कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून रथ फिरवला, लग्न मोडून गिरनार गाठला. किती वेळा सांगितली असेल मी ती नातवंडांना. त्यांनी पावती वाचली नव्हती, नुसता आवाज ऐकला होता.

बोरचं एक सांगायचं राहिलं. पहाटे साडेतीनला अस्वल आलं, पाणी पिऊन टाक्यातच बसलं, चांगली वीस मिनिटं. वाघ काही आला नाही. उजाडलं तशी मी बेरीज केली, खोडाखोडीसकट तक्ता वनरक्षकांच्या हाती दिला. त्यांनी अक्षराचं कौतुक केलं. मी त्यांना विचारलं, "मेलेल्यांचा रकाना यात नाही का?" ते म्हणाले, "काकू, त्याची नोंदवही वेगळी राहते. पंचनामा होते, जागा, कारण सगळं लिहिते. ती ऑफिसात असते." म्हणजे कारंज्याकडे अशाच कुठल्यातरी वहीत ती मादी आहे. पिल्लाची नोंद वेगळी करतात की नाही, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण शिडी उतरायची होती आणि गुडघे ऐकत नव्हते.

भावानं परवा पावती पाठवली, सौर झटका मशीनची. त्यात बॅटरी धरून खर्च बराच आहे, पण त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. ह्या वेळी मी प्रत्येक ओळ विचारली. बॅटरी कोणती, तार किती, जोडणी कोण करणार. तो कंटाळून म्हणाला, "ताई, फोटो काढून पाठवतो सगळ्याचे." म्हटलं, पाठव. मक्ता त्याच माणसाकडे ठेवला आहे. त्याच्या वकिलाची फी माझ्या हिश्शातून देते आहे. वहीत ती कोणत्या खात्यावर टाकायची ते ठरलं नाही, सध्या पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे.

पुढची तारीख अष्टमीला आहे. मी जाणार आहे कारंज्याला, त्याच्यासोबत कोर्टात बसायला. माझा उपवास असेल त्या दिवशी. प्रवासात ते एक बरं, डब्याची भानगड नाही.